वेड, मांद्य आणि बुद्धीचे माप

आपल्या भिवापुरात एखाद्या मुलास फळ्यावरचे उदाहरण सुटले नाही, तर सोबती त्यास ‘भैताड’ म्हणून हसतात. बाजाराच्या दिवशी कोणी आपल्याशीच हातवारे करीत चालला असेल, तर तोही ‘भैताड’. आणि जन्मापासून ज्याची समज बेताची, वीस वर्षांचा झाला तरी जो आईचा पदर सोडीत नाही, त्या गरिबासाठीही आपण निराळा शब्द शोधीत नाही. राग जरा वाढला की ‘पागल’. आणि त्याहून वाढला की ‘याला नागपूरच्या पागलखान्यात नेऊन टाका’ ही धमकी ठरलेली. मराठी भाषा शब्दसंपत्तीने श्रीमंत आहे असे मीच वर्गात शिकविते. परंतु या एका ठिकाणी तिची श्रीमंती काही कामाची नाही. वेडा, खुळा, मठ्ठ, ठोंब्या, येडपट असे शब्द पुष्कळ. पण ते सारे एकाच पोत्यात भरलेले.

विद्यार्थिमित्रहो, आणि ज्यांच्या हाती हा अंक सायंकाळी कामावरून आल्यावर पडेल त्या पालकहो, त्या पोत्याचे तोंड सोडून आतील जिन्नस निरनिराळे मांडावेत एवढाच या लेखाचा हेतू आहे. मानसशास्त्र हा विषय काही विद्यार्थी अकरावीत गेल्यावर घेतात. त्यातील दोन प्रकरणे, एक मनोविकारांचे व दुसरे बुद्धिमत्तेचे, ही मात्र तोपर्यंत वाट पाहण्यासारखी नाहीत. वर सांगितलेल्या तिघांपैकी पहिल्यास कदाचित कोणी नीट शिकविलेच नसेल. दुसरा आजारी आहे. तिसरा आजारी नाही, त्याच्या बुद्धीची वाढच कमी झाली आहे. पहिल्यास शिक्षक पाहिजे, दुसऱ्यास डॉक्टर पाहिजे, तिसऱ्यास निराळ्या पद्धतीचे शिक्षण पाहिजे. शब्द चुकला की वाट चुकते, आणि वाट चुकली की वर्षे जातात.

हा घोटाळा केवळ अडाणी लोकांचा आहे असे कोणी समजू नये. १९१२ साली इंग्रज सरकारने ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ नावाचा कायदा केला. त्यात ‘ल्युनॅटिक’ या शब्दाची जी व्याख्या होती, तीत जन्मतः बुद्धिहीन मनुष्य आणि ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असा मनुष्य, हे दोघेही एकत्र घातले होते. हा शब्द लॅटिन भाषेतील चंद्रवाचक शब्दापासून निघालेला आहे. चंद्राच्या कलांबरोबर वेड कमीअधिक होते असा तिकडेही समज होता; तेव्हा अमावास्या-पौर्णिमेस घाबरणारी आपली आजी काही जगावेगळी नव्हे! हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिला. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला व तो १९९३ मध्ये अमलात आला, तेव्हा कोठे बुद्धीची अपुरी वाढ ही मानसिक आजाराच्या व्याख्येतून वेगळी काढण्यात आली. म्हणजे दोन निराळ्या माणसांची निराळी ओळख पटण्यास खुद्द कायद्यालाच ऐंशी वर्षे लागली. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा भेद तसाच ठेविला असून, मनोरुग्णास कोणत्याही रीतीने साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे.

ज्या नागपूरच्या ‘पागलखान्या’ची आपण धमकी देतो, तो वस्तुतः प्रादेशिक मनोरुग्णालय या नावाचा सरकारी दवाखाना होय. त्याची स्थापना १८६४ सालची. नागपुरात आगगाडी पोहोचली १८६७ साली, म्हणजे तो आगगाडीहूनही जुना. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ चे व ठाण्याचे १९०१ चे. या संस्था निघाल्या त्या काळी मनाच्या आजारावर खरे औषध असे कोणाजवळच नव्हते. रुग्णास समाजापासून दूर भिंतीआड ठेवणे, त्यास अन्नवस्त्र देणे, आणि तो दुसऱ्यास किंवा स्वतःस इजा करणार नाही इतके पाहणे, एवढेच काम त्यांना करता येई. त्या भिंतीची आठवण लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. औषधे आली, तऱ्हा बदलली, बहुतेक रुग्ण आता घरी राहून बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेतात. धमकी मात्र जुनीच आहे. त्या धमकीमुळे किती आजारी माणसे दवाखान्याच्या दारापर्यंत जाण्यास कचरत असतील, याचा विचार आपण करीत नाही.

आता मनोविकार म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक दुःख हा आजार नव्हे. आजोबा वारले म्हणून आठवडाभर जेवण गोड लागले नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला, सोयाबीन पावसात सडले म्हणून घरधनी दोन दिवस कोणाशी बोलला नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु तेच दुःख किंवा तीच भीती कारणाच्या मानाने फारच मोठी झाली, लवकर उतरेना, आणि तिच्यामुळे झोप, भूक, अभ्यास, कामधंदा, माणसांत मिसळणे हे सारे मोडू लागले, म्हणजे तो विकार समजावा. नैराश्याच्या आजाराविषयी डॉक्टर साधारणपणे दोन आठवड्यांची मर्यादा पाहतात: तेवढे दिवस मन सतत खिन्न राहिले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला, थकवा आला, आपण निरुपयोगी आहो असे वाटू लागले, तर थांबू नये. चिंतेचा विकार यास जवळचा. मंत्रचळ हा आणखी एक: हात स्वच्छ आहेत हे ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा धुतल्यावाचून ज्यास राहवत नाही, कडी लावली की नाही हे जो दहा वेळा उठून पाहतो, त्याची चेष्टा करण्यात आपण फार पुढे असतो. तो मात्र आतून छळला जात असतो, आणि आपले करणे व्यर्थ आहे हेही त्यास बहुधा कळत असते.

सर्वांत गैरसमज आहे तो छिन्नमनस्कता या आजाराविषयी. यात रुग्णास कोणी बोलत नसता आवाज ऐकू येतात, आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे असे ठाम वाटते, विचारांची साखळी तुटते. नावामुळे काहींना वाटते की यात एका माणसात दोन माणसे राहतात, तसे नाही. दर शंभरांत एकाहून कमी, पण त्याच्या आसपास, इतक्या लोकांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, आणि त्याचा आरंभ बहुधा ऐन उमेदीत, सतरा-अठरापासून पंचवीस-तिशीपर्यंत होतो. आवाज ऐकू येतात म्हटले की आपल्याकडे ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘करणी’ हे निदान तयारच असते. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे पालकांनी अवश्य लक्षात ठेवावे.

बुद्धी आणि हा आजार यांचा संबंध काय? अमेरिकेत जॉन नॅश नावाचा एक गणिती होऊन गेला. १९५० साली, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्याने प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९५९ च्या सुमारास त्यास छिन्नमनस्कतेने गाठले व पुढची कित्येक वर्षे रुग्णालयांत व भ्रमांत गेली. हळूहळू तो सावरला. आणि तरुणपणी केलेल्या त्याच कामासाठी १९९४ साली त्यास अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा माणसास आपल्या बाजारात कोणी पाहिले असते तर काय म्हटले असते, हे सांगण्याची गरज नाही.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. सर्पगंधा नावाची एक लहानशी वनस्पती आपल्या देशात होते व तिचे मूळ आपले वैद्य पूर्वापार वापरीत आले आहेत. उन्माद आणि रक्तदाब यांवर या मुळाचा उपयोग होतो असे १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाश्चात्त्यांचे तिकडे लक्ष जाण्यास वीस वर्षे लागली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांत ते मनोरुग्णांना देऊन पाहिल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, पॅरिसच्या डॉक्टरांनी ‘क्लोरप्रोमाझिन’ हे औषध वापरून पाहिले. पुढे रिसर्पिन मागे पडले व दुसरी औषधे पुढे आली. परंतु भिंतीआड ठेवणे हाच एक मार्ग नाही, हे जगाला ज्या दोन औषधांनी प्रथम पटविले त्यांतील एक आपल्या रानातले होते.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभी, दुसऱ्या एका गावी, मी नववीची वर्गशिक्षिका होते. वर्गात एक मुलगा होता. आठवीत तो पहिल्या पाचांत असे. दिवाळीच्या सुटीनंतर तो मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. प्रश्न विचारला की बराच वेळ खाली पाही, आणि मग ‘येत नाही, बाई’ एवढेच म्हणे. वह्या कोऱ्या राहू लागल्या. मधल्या सुटीत डबा तसाच परत जाई. हे मला दिसत होते, पण त्याचा अर्थ लावण्याचे मला सुचले नाही. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने लिहिले, ‘बुद्धी मंद होत चालली आहे. आळस सोडावा.’ वडिलांनी ते वाचून त्यास मारले. मग घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यास एका मांत्रिकाकडे नेले, तेथे चार महिने गेले. शेवटी त्याची मावशी, जी परिचारिका होती, सुटीत आली आणि दोन दिवसांत त्यास डॉक्टरांकडे घेऊन गेली. तो नैराश्याचा आजार होता. औषध आणि डॉक्टरांशी होणारे संभाषण यांनी सहासात महिन्यांत तो पुष्कळ सावरला. शाळेचे वर्ष मात्र बुडाले ते बुडालेच. त्याने मला कधी दोष दिला नाही. पण ते वाक्य माझ्या अक्षरात त्याच्या घरी आहे.

मी पदवीधर होते, मानसशास्त्राची परीक्षाही दिलेली होती. नैराश्यात विचार मंदावतात, आठवण दगा देते, लक्ष टिकत नाही, आणि मूल जणू ‘ढ’ झाल्यासारखे दिसते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. तथापि पुस्तकातले प्रकरण मागच्या बाकावर बसलेले असेल हे ध्यानी आले नाही. तेव्हापासून मी एक खूणगाठ बांधली आहे. जे मूल पहिल्यापासून सावकाश शिकते त्याची गोष्ट निराळी, आणि जे नीट शिकता शिकता एकाएकी घसरते त्याची निराळी. दुसऱ्यास आधी ‘काय होते आहे’ असे विचारावे. आळशी म्हणण्यास पुढे पुष्कळ वेळ असतो.

आता बुद्धीच्या मापाकडे वळू. या मापाचा जन्मही शाळेतच झाला. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गाबरोबर चालू न शकणाऱ्या मुलांचे काय करावे, असा प्रश्न पडला. शिक्षकाच्या मतावर विसंबावे तर शिक्षक कधी दंगेखोर मुलालाही मंद ठरवितो! म्हणून १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ या तरुण डॉक्टराच्या साहाय्याने तीस प्रश्नांची एक चाचणी तयार केली. प्रश्न सोप्याकडून कठिणाकडे जात. पेटलेल्या काडीकडे मूल डोळे वळविते की नाही इथून आरंभ. मग चित्रातील वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले अंक परत म्हणणे, दोन वजनांतील जड कोणते ते ओळखणे, आणि शेवटी दोन अमूर्त कल्पनांतला भेद सांगणे. १९०८ मध्ये त्यांनी ‘मानसिक वय’ ही कल्पना आणली. बहुतेक आठ वर्षांची मुले जेवढे प्रश्न सोडवितात तेवढे ज्याने सोडविले, त्याचे मानसिक वय आठ. मग त्याचे जन्मवय काहीही असो.

१९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास जन्मवयाने भागण्याची सूचना केली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी त्या भागाकारास शंभराने गुणून ‘बुद्धिगुणांक’ रूढ केला. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा असेल तर दहा भागिले आठ, गुणिले शंभर, म्हणजे १२५. दहा वर्षांच्याचे आठ असेल तर ८०. हिशेब सोपा आहे, पण मोठ्या माणसांपाशी तो फसतो. बुद्धी जन्मभर वर्षागणिक वाढत नाही. वीस वर्षांच्या माणसाइतकी उत्तरे देणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणांक या रीतीने ५० निघेल, म्हणजे प्रस्तुत लेखिकेची धडगत नाही! यास्तव १९३९ साली डेव्हिड वेक्सलर यांनी मोठ्यांसाठी दुसरी रीत घेतली, आणि आता सर्वत्र तीच चालते. माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करावयाची, त्यांची सरासरी १०० मानावयाची. या मोजणीत सुमारे दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. सत्तरीच्या खाली शेकडा दोनच्या आसपास, आणि एकशेतिसाच्या वरही तेवढेच.

आपल्या देशात ही कसोटी आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न सी. हर्बर्ट राइस या अमेरिकन मिशनरी शिक्षकाने पंजाबात केला. त्याची हिंदुस्थानी कसोटी १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. त्यांनी बिने यांची कसोटी मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने बसविली आणि १९४० साली ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘नव्याने बसविली’ हे शब्द मी जाणून वापरले आहेत. केवळ भाषांतराने येथे भागत नाही. बर्फात काय घालून चालावे, असा प्रश्न भिवापूरच्या मुलास विचारून तो अडला तर त्यास मंद म्हणावयाचे काय? मग मुंबईच्या मुलास वखर आणि डवरा यांतला भेद विचारून पाहा! प्रश्न त्या मुलखातले घ्यावे लागतात, कोणता प्रश्न कोणत्या वयास जमतो हे शेकडो मुलांवर ताडून पाहावे लागते, आणि काही वर्षांनी ते सारे पुन्हा करावे लागते. भ्रमणध्वनीवर दहा मिनिटांत जो ‘आयक्यू’ कळतो त्याची किंमत यावरून ओळखावी.

हे माप हाती आले, परंतु बिने १९११ साली वारले आणि ते दुसऱ्यांच्या हाती गेले. बुद्धी हे जन्मतः ठरलेले, न वाढणारे परिमाण आहे, या मताला बिने यांनी स्वतः कडाडून विरोध केला होता. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण व निश्चय वाढविण्याचे व्यायामही सुचविले होते. अमेरिकेत मात्र काही विद्वानांनी या मापाचा शिक्का केला. कमी बुद्धीच्या लोकांना संततीच होऊ देऊ नये असे कायदे तिकडे झाले, आणि १९२७ साली कॅरी बक नावाच्या तरुण स्त्रीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी सक्तीची शस्त्रक्रिया कायदेशीर ठरविली. तिची आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या बुद्धिहीन आहेत असे गृहीत धरण्यात आले होते. पुढे ती मुलगी शाळेत गेली आणि एका सत्रात गुणवंतांच्या यादीत तिचे नाव आले. ती आठव्या वर्षी वारली. कॅरी पुढे अनेकांना भेटली. तिच्यात बुद्धीची काही उणीव त्यांना दिसली नाही.

बुद्धी सर्वस्वी जन्मजात असती तर आणखी एक गोष्ट घडली नसती. विसाव्या शतकात अनेक देशांत लोकांचे गुण पिढीगणिक वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मध्ये आकडेवारीने दाखविले. अमेरिकेत ही वाढ दर दहा वर्षांस सुमारे तीन गुणांची होती. रक्तातील वारसा इतक्या लवकर बदलत नसतो. अन्न, आरोग्य, शाळा आणि घरातील राहणी यांनीच हे घडविले असले पाहिजे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे यात शंका नाही, पण बी कितीही चांगले असले तरी ते कोणत्या वावरात पडले हे शेतकऱ्याच्या मुलाला मी काय सांगावे?

मिरचीचेच पाहा. आपल्या भिवापुरी मिरचीला तिच्या नावाचे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सातऱ्यावर पोते काट्यावर चढविले की वजन अचूक कळते. परंतु तिखटपणा, रंग, वाळवण नीट झाली की नाही, हे काटा सांगत नाही. त्यासाठी व्यापारी मिरची हातात घेतो, मोडतो, हुंगतो. काटा खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो जे मोजतो ते खरे मोजतो. फक्त तो सगळे मोजत नाही. बुद्धिगुणांकावरून शाळेतील यशाचा अंदाज बराचसा बांधता येतो. चिकाटी, प्रामाणिकपणा, हाताचे कसब, माणसे जोडण्याची कला यांविषयी तो मुका आहे.

म्हणूनच बौद्धिक अक्षमता ठरविताना केवळ सत्तर हा आकडा पाहून चालत नाही. मूल आपले कपडे घालते का, पैसे ओळखते का, रस्ता ओलांडते का, हेही तज्ज्ञ पाहतात, आणि ही उणीव लहानपणापासूनची आहे याची खात्री करून घेतात. कारणे अनेक असतात. गुणसूत्रांतील फरक हे एक. १९५९ साली पॅरिसमध्ये असे दिसून आले की डाऊन लक्षणसमूह असलेल्या मुलांत एकविसाव्या जोडीचे एक गुणसूत्र अधिक असते. जन्मताना मूल उशिरा रडणे, मेंदूज्वर, आणि आईच्या आहारात आयोडीन नसणे ही आणखी काही. शेवटचे कारण आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीने टळते, इतके ते स्वस्त आहे. ही अक्षमता आजार नव्हे, म्हणून तिच्यावर गोळी नाही; ती बाधाही नव्हे, म्हणून गंडाही नाही. शिक्षण मात्र आहे. मुंबईत अशा मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ पासून चालू आहे. उलट टोकाच्या, विशेष बुद्धिमान मुलांसाठी पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. अक्षमता असलेल्या माणसालाही नैराश्य किंवा दुसरा मनोविकार होऊ शकतो, आणि तो ‘त्याच्या खुळेपणात’ झाकून जातो. घरच्यांनी तेवढी नजर ठेवावी.

या दोन्हींत न बसणारी एक मुलगी सध्या माझ्या पाहण्यात आहे. तिची आई सातऱ्यावर देठ खुडण्यास जाते. किलोमागे मजुरी किती, आज किती किलो झाले, मागील आठवड्याची उचल वजा जाता हाती काय पडेल, हे ती मुलगी तोंडी सांगते, आणि माझा कागदावरचा हिशेब तिच्या मागून येतो. परंतु धडा वाचावयास दिला की ‘मगर’चे ‘गमर’ होते, ओळ सुटते, कपाळाला घाम येतो. बुद्धी शाबूत असून वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादेच अडते, यास अध्ययन अक्षमता म्हणतात. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास १९९६ च्या सुमारास प्रारंभ झाला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. सवलतीसाठी तपासणी व प्रमाणपत्र लागते. त्याची चौकशी दहावीच्या जानेवारीत नव्हे, तर मूल तिसरी-चौथीत अडू लागेल तेव्हाच करावी.

आता उपचारांची गोष्ट. २०१५-१६ साली बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने देशातील बारा राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी शेकडा दहाहून थोड्या अधिक लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता; आणि निरनिराळ्या विकारांत शेकडा सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचारावाचून होते. हे ऐकून हताश होण्याचे कारण नाही, कारण आपल्याच विदर्भात याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न झालेला आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावच्याच लोकांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याची माहिती द्यावयाची, त्रासलेल्या माणसाचे बोलणे ऐकून घ्यावयाचे, आणि गरज दिसली तर त्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचवावयाचे, अशी त्याची रीत होती. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा चारच जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावात नवे रुग्णालय बांधले गेले नव्हते. बोलणे सुरू झाले होते.

आपल्या घरी कोणास असा त्रास दिसला तर प्रथम येथील सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांस दाखवावे. ते नागपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मनोरुग्णालयात पाठवितील. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, व तेथे मराठीत बोलता येते. कोणी जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा बोलत असेल तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. त्यास एकटे ठेवू नये व त्याच दिवशी मदत घ्यावी. विद्यार्थ्यांनीही असे बोलणारा मित्र असल्यास ‘कोणाला सांगू नको’ ही शपथ पाळू नये. घरी किंवा शाळेत एका मोठ्या माणसास ताबडतोब सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्या: झोप कधीपासून मोडली, जेवण कधीपासून तुटले, बोलण्यात काय निराळे जाणवते, आणि घराण्यात पूर्वी कोणास असा त्रास होता काय. मूल शाळेत जाणारे असेल तर प्रगतिपुस्तकही सोबत घ्यावे. त्यात वर्गशिक्षिकेने लाल शाईने काय लिहिले आहे ते डॉक्टर फारसे पाहत नाहीत. गुण कोणत्या महिन्यापासून उतरले ते पाहतात.